पावडरबाईचा पांढरा

वरच्या मजल्यावरची पावडरबाई जिना चढायची ती मूठ डोळ्याला लावून. मुठीत इवलीशी बाटली, बाटलीत भुकटी. आमच्या मुलुंडच्या इमारतीचा जिना भरदुपारीही काळाकुट्ट, म्हणून तो तिचा लाडका. दारातल्या ट्यूबखाली बाटली धरायची, मग अंधारात शिरून मुठीच्या भोकातून बघत बसायची. नाव आम्हीच ठेवलेलं. तीही दार वाजवून म्हणायची, "काका, पावडरबाई आलीय. चहा आहे ना?"

कॉलेजात ती अंधारात चमकणारी भुकटी बनवायची. ही भुकटी उजेड पिऊन घेते आणि दिवा गेला तरी तासन्‌तास देत राहते. "हिरवी बाजारात मिळते हो. मला पांढरी हवीय." त्यासाठी कसल्याशा दुर्मिळ धातूचे कण त्यात चिमूटभर घालायचे. त्याचं नाव माझ्या जिभेवर अजून बसत नाही. ते कण निळाही उजेड देतात आणि पिवळाही, दोन्हींचा तोल साधला तर पांढरा. "नवरा-बायकोसारखं आहे, काका. एक जरा जास्त बोललं की घर बिघडलं." स्वतः बिनलग्नाची!

मी चौथी नापास. पण उभा जन्म रंगकाम केलं, पांढऱ्यातले पांढरे मला कुणी सांगायला नकोत. मी जिन्यात पडलो, तेव्हा पायऱ्यांना चमकत्या पट्ट्या लावायचं ठरलं. तिने नमुन्याला दोन आणल्या. सगळे जिन्यात जमले, दिवा बंद केला.

"काका, पांढरी कुठली?"

"डावी. उजवी पिवळट आहे."

"नीट बघा हं. मला डावी निळसर वाटते."

"माका शिकयतंस गो? जन्म गेला माझा ब्रश धरण्यात!"

तिने वाद घातला नाही. "बरं, डावी तर डावी," म्हणाली आणि पायरीपायरीला तीच लावली. जाताना सुनेच्या कानात मात्र सांगून गेली, काकांचे डोळे दाखवून घ्या. मी सुनेशी बोलणं टाकलं. शेवटी सुनेनेच डॉक्टरकडे ओढत नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून पिवळे पडलेले.

ऑपरेशनं झाली. बऱ्या डोळ्यांनी पहिल्यांदा जिना चढायला गेलो, तर पायऱ्या रेशनच्या रॉकेलसारख्या निळ्या. मी ओरडलो, "पट्ट्या कुणी बदलल्या?"

दारं उघडली. तळमजल्यावरची सुमन चाचरत म्हणाली, "कुणी नाही, काका. पहिल्यापासून निळ्याच आहेत. पावडरबाई म्हणाली, पडतात काका, मग त्यांना पांढरी दिसते तीच लावू."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. इतके दिवस अख्खी इमारत माझ्या निळ्यावरून चढत-उतरत होती, आणि एकजणही माझ्या तोंडावर हसला नाही. हसले असते तर बरं झालं असतं. उलटून भांडता तरी आलं असतं.

मग तिला बंगळूरला नोकरी लागली. निघायच्या आधी आली. "काका, जमली पांढरी. पट्ट्या बदलून देऊ?"

"हात लावायचा नाही."

"अजून रागच का?"

"राग कुणावर गो..." म्हणत मी चहा टाकायला उठलो. तिला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. हसली, पाया पडली, गेली.

रंग चुकला तर मी अख्खी भिंत खरवडून पुन्हा रंगवायचो. हा तेवढा ठेवलाय. पायरीवर पाय ठेवताना चेहरा अजून तापतो. तापू दे.