दामूचा गुडघा आणि भाकरीएवढी चकती

रविवारी बेलापूरच्या पारसिक हिलवर मी रंगेहाथ पकडला गेलो. गुन्हा काय, तर मित्राच्या सायकलला त्याच्या नकळत सोपे गिअर बसवले...

आधी आमच्या ग्रुपबद्दल सांगतो. आम्ही सहा जण, सगळे पन्नाशीच्या पलीकडचे. सहा जणांत मिळून धड गुडघे सात... पण ऐट अशी, की सगळा देश पदकासाठी आमच्याकडेच डोळे लावून बसलाय.

दर रविवारी जुईनगरहून निघायचं, हिल चढायची आणि आपण किती फिट आहोत यावर एकमत करून खाली यायचं. वर पोचल्यावर सगळ्यांच्या मागच्या चाकांची तपासणी होते. ज्याची चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर सापडेल, म्हणजे जो सगळ्यात हलकं पायडल मारत वर आला, तो त्या आठवड्याची 'आज्जी'. आज्जीने पुढच्या रविवारी सगळ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटायचे.

त्यामुळे आम्ही सगळे जड गिअर टाकून, तोंडाला फेस आणून चढतो. डॉक्टरला पैसे देऊ, पण लाडू वाटणार नाही... असा आमचा बाणा.

यातला दामू माझा जुना मित्र. दिवाळे कोळीवाड्यातला. बँकेतून रिटायर झाला, पण घरची होडी अजून सांभाळतो. चढावर तो कायम माझ्या शेजारी असतो आणि वर पोचेपर्यंत मला शिव्या घालतो. खरं सांगायचं तर त्या शिव्यांवरच मी वर पोचतो.

मध्यंतरी दामूचा गुडघा बिघडला. डॉक्टर म्हणाले, सायकल खुशाल चालवा, पण जोर लावू नका. मी म्हटलं, मागे मोठी चकती बसवून घे, पाय अलगद फिरतील. जरा हळू जाशील, पण वर तर पोचशील.

"मना जलमभर आज्जी करतंस काय?" दामू म्हणाला. "तुमी जा वर. मी खाली चाय पितो."

काही रविवार तो खाली टपरीवर बसला. मग यायचाच बंद झाला. आणि एक दिवस सहज बोलल्यासारखं म्हणाला, "सायकल इकून टाकतो. नुसती जागा अरवते."

शिव्यांशिवाय तो चढ किती लांब आहे, ते मला तोवर कळलं होतं. गिऱ्हाईक मिळायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. मी सुशीलावहिनींना, म्हणजे दामूच्या बायकोला, फोन केला.

"भावजी, सर्विसिंगला नेतो सांगून न्या," त्या म्हणाल्या. "मी काय बोलत नाय. रविवारचा घरात बसून माज्या फोडनीत चुका काढतो!"

सायकलच्या दुकानदाराने जुनी चकत्यांची कॅसेट काढून नवी बसवली. तिची शेवटची चकती चांगली भाकरीएवढी. चेनही लांब घ्यावी लागली. "सर, आता भिंतसुद्धा चढेल," तो म्हणाला. पण ती चकती नव्या भांड्यासारखी चमकत होती, म्हणून मी घरी तिला काळं ग्रीस फासलं. होडीच्या इंजिनात जन्मभर डोकं घातलेल्या माणसाला हे कळणार नाही, असं मला मनापासून वाटलं होतं...

रविवारी वहिनींनी त्याला अक्षरशः घराबाहेर काढलं. मी म्हटलं, एक वळण चल, दुखलं तर परत फिरू. पहिलं वळण गेलं.  दामूचे पाय लोण्यात फिरावेत तसे फिरत होते. दुसऱ्या वळणावर माझा दम तुटला आणि कानावर आलं, "काय रं म्हाताऱ्या, मेलास काय? मार पायडल!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घाम असणार...

"गुडघा बरा झाला वाटतं?" मी साळसूदपणे विचारलं.

"हां. बायकोच्या तेलाची मालिश."

वर पोचलो. तपासणी सुरू झाली आणि मला धडकी भरली. सगळ्यांसमोर आज्जी ठरला, तर हा खाली उतरून थेट सायकल विकायला जाणार. एक जण दामूच्या चाकाशी वाकला... तेवढ्यात दामूने जर्सीच्या मागच्या खिशातून एक पुडकं काढलं. राजगिऱ्याचे लाडू.

"घ्या. आज्जी मीच. पुरच्या रविवारी पन मीच."

मग माझ्याकडे वळला. "आनि तू रं? चकतीला काजल लावलास? दिष्ट लागंल म्हनून?"

सगळे खो-खो हसले. मी कसंबसं विचारलं, "तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

"सायकल घरात आली तवाच कललं. मी काय आंधला हाय?" लाडू माझ्या हातावर ठेवत तो म्हणाला, "तू एवरा चोरून केलास... मंग आलो."

उतरण्याआधी मी त्याची सायकल मागून घेतली आणि थोडा चढ चढून बघितला. काय सांगू... इतकी वर्षं जड गिअर ओढून आम्ही कोणावर उपकार करत होतो, देव जाणे.

सोमवारी मी त्याच दुकानात उभा होतो. दुकानदाराने काही न विचारता तसलीच कॅसेट काढून समोर ठेवली. या रविवारी आज्ज्या दोन असतील.

दामू, गिअर दोघांचेही हलके झाले रे... शिव्या मात्र जडच ठेव.