कस्तुराबाईनं घासलेली शून्यं

कस्तुराबाईच्या हातात काळ्या रंगाचा ब्रश आला आणि तिचा खोकला थांबला. त्याआधी कित्येक हंगाम ती रेच्यांच्या हॉलमध्ये होती. तिथे कापसातून सरकी वेगळी होते, आणि हवेत उडालेला तंतू माणसाच्या छातीत जाऊन बसतो. कारंज्याच्या त्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातला रंगारी काम सोडून गेला, तेव्हा मुकादम माणिकरावांनी ब्रश तात्पुरता तिच्याकडे दिला. तात्पुरत्याचे दोन हंगाम झाले. दाबून बांधलेल्या कापसाच्या गठाणीच्या बारदानावर पत्र्याचे साचे ठेवून क्रमांकाचे चार आकडे उमटवायचे. काम एवढंच, पण ते उघड्यावर होतं. धनज गावची ही बाई छातीभर श्वास घेत ते करायची.

पंच्याहत्तर सालच्या संक्रांतीनंतर वरून हुकूम आला. मुंबईच्या कचेरीत हिशेबाचं यंत्र बसलं होतं. त्याला आकड्याच्या डावीकडची शून्यं नको होती. ००४७ नको, ४७ हवा. आवारात पडलेल्या गठाणीही तशाच करायच्या होत्या. माणिकरावांनी हुकूम पूर्ण वाचला, पण अर्धाच तोडून सांगितला.

“कस्तुरा, शून्य घासून टाक.”

“सारे?”

“सारे म्हंजे सारे. शून्याले कोन पुसते?”

दहा आणि एक सारखे नाहीत, हे तिला कळत होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर बापानं तिला दोन वर्षं शाळेत पाठवलं होतं. पण फार विचारणाऱ्या बाया पुन्हा रेच्यांवर जातात, हेही तिनं पाहिलं होतं. तिनं तारेचा ब्रश घासलेटात बुडवला आणि घासत सुटली. बोटं सोलली. डावीकडची शून्यं गेली, उजवीकडचीही गेली. एकशे पाचाच्या पोटातलंही गेलं.

दुपारी ट्रक आला. तीन गठाणींवर नुसता १ उरला होता. दहाची कोणती, शंभराची कोणती, काही कळेना.

“हे काय करून ठेवलं व माय?” माणिकराव ओरडले.

“तुमीच सांगतलं, सारे.”

“मी सांगतलं, तं डोक्सं घरी ठेवून आली काय? उद्यापासून रेच्यावर जाय!”

मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा रामसिंग हमाल दात काढून म्हणाला, “बाई, आता चिठ्ठ्या टाका अन् ठरवा.”

कस्तुराबाईच्या छातीत जुनी खवखव उठल्यासारखं झालं. मग ती त्या तीन गठाणींसमोर उकिडवी बसली आणि आकडे निरखू लागली. तिन्हींवर एकच आकडा होता, पण तो एका जागी नव्हता. साचे ती नेहमी गठाणीला आवळलेल्या डावीकडच्या लोखंडी पट्टीला लावून सुरू करायची. तिनं तळहात पट्टीपाशी ठेवला. या गठाणीवर एक चौथ्या जागेवर होता. त्या गठाणीवर तिसऱ्या, आणि पलीकडच्या गठाणीवर दुसऱ्या. मधे घासलेल्या बारदानाचे फिकट डाग होते. शून्यं गेली होती, पण त्यांची जागा कुणी घेतली नव्हती.

ती उठली. “मुकादम, सांजवरी वेळ द्या.”

“ट्रकवाला थांबन काय?”

“थांबवा त्याले. अर्धी चूक तुमची हाय. चहा तुमी पाजा.”

रामसिंगनं गठाणी वळवून दिल्या. ती पट्टीपासून एकेक साचा लावत गेली. आकड्याच्या उजवीकडे डाग दिसला की तिथे पुन्हा शून्य उमटवायचं. दोन आकड्यांमधे दिसला तरी उमटवायचं. डावीकडचे डाग तेवढे तसेच ठेवायचे. बोटांच्या सोललेल्या जागी रंग झोंबत होता. तिनं हात थांबवला नाही. दिवे लागायच्या आत ट्रक भरला.

माणिकरावांनी तिला शाबासकी दिली नाही. रेच्यावर जायचा हुकूमही मागे घेतला नाही.

सकाळी भोंगा झाला. बाया डोक्याला फडकी बांधून रेच्यांच्या हॉलकडे निघाल्या. कस्तुराबाई त्यांच्यातून बाजूला झाली. फाटकाशी माणिकराव उभे होते.

“कुठी चालली?”

“रंगाले.”

“काल मी काय म्हनलो होतो?”

“तुमी सारं सांगत नाई, मुकादम. मंग मी बी सारं ऐकत नाई.”

ती थांबली नाही. पहिली गठाण बाहेर आली होती. कस्तुराबाईनं पट्टीपाशी डावीकडच्या शून्यांपुरती जागा मोकळी सोडली, आणि तिथून पुढे आकडा उमटवला.