डॉक्टरांना कळवा

बटाट्याच्या काढणीत आमच्या गावात कुणाचाच वेळ स्वतःचा नसतो. शाळा बंद होतात, आणि घरात बसलेलं माणूस दिसलं की त्याला यंत्रावर उभं करून बटाट्यांतले दगड वेचायला लावतात. माझी आत्या, ओडील सीर, इस्पितळात नर्स. तिने नेमका याच दिवसांत अभ्यास सुरू केला होता. तिच्या फ्रीजवर मोठा कागद, त्यावर रोजचे विषय. सगळं पेन्सिलीने.

"पेनने का नाही लिहीत?" मी विचारलं.

"खोडायला सोपं जातं."

परीक्षा नर्स प्रॅक्टिशनरची होती. पास झाली की आत्या स्वतः तपासून, स्वतःच्या सहीने औषध देऊ शकणार होती. जुने डॉक्टर निघून गेल्यापासून गावातल्या दवाखान्याला कुलूप होतं. दवाखान्याच्या मंडळाने सांगितलं होतं, काढणी संपेपर्यंत ओडील पास झाली तर दवाखाना तिच्या हाती, नाहीतर इमारत विकून टाकू. वसंतात ती थोडक्यात नापास झाली होती. आता ही शेवटची संधी.

आणि खोडरबर मात्र सगळ्यांच्या हातात होतं. हृदयविकाराच्या दिवशी इस्पितळातून प्रिसिलाबाईंचा फोन आला, "ओडील, एकच पाळी गं, माणूस नाहीये." आत्याने हृदय खोडलं. मधुमेहाच्या दिवशी माझे बाबा चिखलाच्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात आले.

"यंत्रावरची बाई पळाली. दोन दिवस ये."

"रेनाल, माझा अभ्यास आहे."

"तुला काय अभ्यास? सगळं येतं तुला. पुस्तकं काय पळून चाललीत? बटाटा गोठेल माझा!"

आत्याने मधुमेह खोडला. चर्चच्या जेवणासाठी कुट्टूची धिरडी करायची म्हणून मुलांचे आजारही गेले. मला रागाने रडू येई. तिला येत नसे. ती कागदावरची रबराची भुकटी फुंकून टाकी आणि म्हणे, "रविवारी बघू."

त्या रविवारी दुपारी मी तिला सराव परीक्षेत चुकलेले प्रश्न वाचून दाखवत होते. मी साहित्य शिकते, मला औषधांतलं ओ की ठो कळत नाही. प्रश्न आणि तिने निवडलेलं उत्तर, एवढंच वाचत होते.

"तरुण बाई, लघवीला जळजळ, ताप नाही. तुझं उत्तर, डॉक्टरांना कळवा. मूल, कान दुखतोय. डॉक्टरांना कळवा. म्हातारा, औषध सुरू केल्यापासून खोकला. डॉक्टरांना..."

"थांब."

मी थांबले.

"म्हाताऱ्याचं औषध बदलायचं," ती म्हणाली. "बाईला गोळ्या द्यायच्या. कोणत्या, किती दिवस, तेही सांगते." तिने सांगितलं. पोराच्या कानाचंही सांगितलं. मी मागची उत्तरं उघडून पाहिली. सगळं बरोबर.

"मग तू हे का निवडलंस?"

तिने पुस्तक उचललं आणि भिंतीवर असं फेकलं, की खिडकीतली काचेची बरणी थरथरली.

"कारण मी जन्मभर तेच केलं! तिकडे माणूस काळंनिळं पडतंय, आणि मी फोन धरून उभी. साहेब जेवतायत. साहेब झोपलेत. 'सकाळी बघू, सिस्टर.' अगं, मला दारातूनच कळायचं! मिशोबाईंचं सुजलेल्या पायावरूनच कळलं होतं, रक्ताची गुठळी. सांगितलं, परत सांगितलं. सकाळी साहेब आले तेव्हा मी बाईंच्या रिकाम्या खाटेची चादर बदलत होते. आणि साहेब मलाच म्हणतात, आधी का नाही कळवलंत?"

मी पुस्तक उचलून टेबलावर ठेवलं.

तिने फ्रीजवरचा कागद ओढून फाडला. नवा घेतला, आणि पेन मागितलं. या वेळी तिने आजारांची नावं लिहिलीच नाहीत. रोज सकाळपासून दुपारपर्यंत नुसते प्रश्न, आणि पर्याय वाचण्याआधी तोंडाने सांगायचं, मी काय करीन. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कुणाला विचारायचं नाही.'

दुसऱ्या दिवशी प्रिसिलाबाईंचा फोन आला. "नाही जमणार," आत्या म्हणाली. पलीकडे बाई बोलतच राहिल्या. आत्याने फोन ठेवून दिला. मग बाबा आले.

"चल, ट्रक उभा आहे."

"मी येत नाहीये."

"म्हणजे? कुणाला विचारून?"

तिने पेनने कागदावर टकटक केलं. बाबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "हिने डोक्यात भरवलं का हे?"

"तिच्यावर घालू नकोस. आणि बूट काढ आधी. रोज तुझा चिखल पुसते मी."

बाबा गेले ते दार आपटून. आठवडाभर त्यांनी तिच्या अंगणाकडे मान वळवली नाही. यंत्रावर तिच्या जागी मी उभी राहिले. बोटं सोलवटली, आणि प्रत्येक दगड मी असा फेकला जणू समोर कुणी साहेब झोपलाय.

परीक्षा बँगोर शहरात होती. मी गाडी घेऊन बाहेर थांबले. ती आली ती लाल चेहऱ्याने, कोटाची बटणं चुकीची लावून.

"काय झालं?"

"निर्लज्ज कुठले! तिथेही होता. म्हातारी, एक पाय सुजलेला, धाप लागलेली. तिसरा पर्याय, डॉक्टरांना कळवा."

"आणि?"

"आधी सांगितलं मनात, मी काय करीन. मग तेच शोधलं." तिने दार ओढून घेतलं. "निकाल तिथेच पडद्यावर आला. पास."

मी ओरडले. ती ओरडली नाही. एवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा.

"ओडील, अंगठा सुजलाय माझा. बूट घालवत नाही. काढणी अर्धी राहिलीय. जरा तुमच्या डॉक्टरला विचारून सांग ना."

आत्याने डोळे मिटले.

"रेनाल," ती सावकाश म्हणाली, "पाय वर करून बस, आणि ती बिअर खाली ठेव, तिनेच सुजलाय. मी येऊन बघते. आणि परत मला कुणाला विचारायला सांगितलंस ना, तर दुसराही सुजवीन."