सात फुल्या

अर्लीन कुबिचेक यांच्या तोंडी लागू नये, हे नेब्रास्काच्या त्या अख्ख्या काउंटीत लहानथोर जाणून होते. चौतीस वर्षं त्यांनी कोर्टहाउसात निवडणुकीचं काम पाहिलं. एकदा शेरीफच्या निवडणुकीत त्यांचा सख्खा दीर एका मताने पडला. मोजणी बाईंचीच होती. मतं तीनदा मोजली, तिन्ही वेळा दीर पडला, आणि बाईंनी तसं जाहीर करून टाकलं. तेव्हापासून दीर थँक्सगिव्हिंगला जेवायला आला नाही. "नको येऊ दे," बाई म्हणायच्या, "टर्की उरते, दुसऱ्या दिवशी सँडविचं होतात."

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, फ्लोरिडाला जातात. बाईंनी मुलांचं शिबिर धरलं. दर जूनमध्ये कॉलेजच्या रिकाम्या वसतिगृहात तेरा-चौदा वर्षांची पोरं आठवडाभर राहायला येत. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन पक्ष पडत, निळा आणि पिवळा. मग गावं वसवायची, नगराध्यक्ष निवडायचे, कायदे करायचे, त्यावरून घसा बसेपर्यंत भांडायचं आणि शुक्रवारी सगळ्यांचा मिळून एक गव्हर्नर निवडायचा. जो निवडून येई तो शनिवारी राजधानीला जाई आणि खऱ्या सभागृहात, खऱ्या आमदारांसमोर पाच मिनिटं बोले. अख्ख्या आठवड्याचा जीव त्या पाच मिनिटांत असे. मतपेटी पहिल्या वर्षापासून बाईंकडे. नियमांची वहीसुद्धा त्यांनीच लिहिलेली.

त्या वर्षी निळ्यांकडून उभी होती मारिबेल इश्कोय. मांसाच्या कारखान्याच्या गावातली पोर. आई-बाप ग्वातेमालातून आलेले, दोघंही कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभे राहून मांस कापणारे. तिचं भाषण एकाच गोष्टीवर होतं. पट्ट्याचा वेग वाढवलाय, आणि सकाळी उठल्यावर आईला मूठ मिटता येत नाही. ऐकताना दंगेखोर पोरंही गप्प झाली होती. तिला ती पाच मिनिटं हवी होती, बाकी गव्हर्नरपद कोणीही घेतलं असतं तरी तिला चाललं असतं. पिवळ्यांकडून कॉल्बी रायनहार्ट. पोरगा बरा होता, नम्र होता. फक्त त्याच्या आजोबांनी शिबिराला नवं भोजनगृह बांधून दिलं होतं, आणि नातवाचं भाषण ऐकायला ते शनिवारी येणार होते.

शुक्रवारी सकाळी मोजणी झाली. बोटावर रबरी टोपण चढवून बाई एकेक मतपत्रिका उलटत होत्या, निळ्यांची एक मुलगी आणि पिवळ्यांची एक मुलगी दोन्ही बाजूंनी माना घालून बघत होत्या. मारिबेल चौऱ्याण्णव, कॉल्बी एक्क्याण्णव. बाईंनी निकालाचा दाखला लिहिला. आता जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर हरलेल्याने त्यावर पहिली सही करायची, ही शिबिराची रीत. जिंकणाऱ्याची सही कोणीही करतं, बाई मुलांना सांगायच्या, हरलेला सही करतो तेव्हा निवडणूक पूर्ण होते.

मुली गेल्या आणि शिबिराचा संचालक ड्वेन फेन्स्की आत आला. त्याने गठ्ठा चाळला आणि सात पत्रिका बाजूला काढल्या.

"अर्लीन, या बघितल्यास? गोल पूर्ण भरा, असं स्वच्छ छापलंय. यांनी फुल्या मारल्यात. बाद."

"फुली कोणाच्या गोलात आहे?"

"तो प्रश्न नाही."

"तोच प्रश्न आहे. कोणाच्या?"

"मारिबेलच्या. पण नियम म्हणजे नियम."

"नियम मी लिहिलाय, बाबा! चौथं पान काढ. मतदाराच्या मनात कोण आहे ते स्पष्ट दिसत असेल, तर मत धरावं. गेल्या वर्षी पोरांनी गोलात हसरे चेहरे काढले होते, तेव्हा तूच म्हणालास, अगं किती गोड!"

"गेल्या वर्षीची गोष्ट वेगळी."

"हो ना. गेल्या वर्षी रायनहार्टांचा नातू हरत नव्हता."

ड्वेनचे कान लाल झाले. त्याने दाखला उचलून खिशात घातला. "तू दमली आहेस, अर्लीन. वय झालं. जेवून घरी जा. पुढचं मी बघतो."

वय झालं म्हणे! एकाहत्तर वर्षांच्या बाईला हात थरथरतो म्हणाला असता तर चाललं असतं, डोळे गेले म्हणाला असता तरी चाललं असतं. पण तीन आकड्यांची बेरीज करता येऊ नये इतकं वय कोणाचंच होत नाही. बाईंनी बोटावरचं रबरी टोपण काढलं नाही. हे लक्षण वाईट होतं, पण ड्वेनला ते कुठलं ठाऊक!

जेवणाला त्या दिवशी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल होते. एकशे पंच्याऐंशी पोरं आणि बारा मार्गदर्शक ताटल्या घेऊन बसले. ड्वेन माइकवर आला. "फेरतपासणीनंतर," तो म्हणाला, "कॉल्बी रायनहार्ट एक्क्याण्णव, मारिबेल इश्कोय सत्त्याऐंशी." पिवळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना काही माहीत नव्हतं. मोजणीला बसलेल्या दोन्ही मुलींनी मात्र एकमेकींकडे पाहिलं.

मारिबेल उभी राहिली. "सर, माझी सात मतं कुठे गेली?"

"बाद झाली, बाळा. फुल्या होत्या. हेही शिकण्यासारखंच आहे, नाही का?"

"बरं," ती म्हणाली आणि खाली बसली. रडली नाही, चिडली नाही. चमचा उचलून जेवायला लागली. तिला आश्चर्यच वाटलं नव्हतं. आपल्या वाट्याचं असंच जातं हे त्या पोरीने घरूनच शिकून आणलं होतं, आणि अर्लीनबाईंचं डोकं फिरलं ते हे बघून.

बाई उठल्या. मतपेटी आणि ड्वेनने बाद केलेल्या सात पत्रिका घेऊन आल्या, चिलीचं पातेलं कोपराने बाजूला सारलं आणि पेटी टेबलावर आपटली. "मोजणीच्या मुली इकडे या. बाकीच्यांनी कान उघडे ठेवा."

"अर्लीन, पुरे," ड्वेन दबक्या आवाजात म्हणाला. "तमाशा नको. मुलांचा खेळ आहे हा."

"खेळ आहे तर चोरतोस कशाला?"

भोजनगृहात चमचे थांबले. बाई मोजत गेल्या. शेवटी त्या सात पत्रिका राहिल्या. पहिली त्यांनी वर धरली आणि चारी बाजूंना फिरवून दाखवली. "हे मत कोणाला?" दोन-चार आवाज आले, "मारिबेलला." दुसरी धरली, तिसरी धरली. सातवीला तर पिवळी पोरंही ओरडत होती. चौऱ्याण्णव, एक्क्याण्णव. बाईंनी तिथेच कोऱ्या कागदावर नवा दाखला लिहिला.

"सहीची गरज नाही, कॉल्बी," ड्वेन घाईने म्हणाला. "तू बस. आजोबांशी मी बोलतो."

बाईंनी बाराही मार्गदर्शकांकडे एकेक करून पाहिलं. कोणी रोल कुरतडत होता, कोणी बुटाची नाडी बांधत होता. त्यातले तिघं तर शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे!

कॉल्बी उठला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. टेबलापाशी आला, पेन घेतलं आणि दाखल्यावर पहिली सही केली.

"मला मोजता येतं, सर," तो म्हणाला. मग मारिबेलच्या ताटलीशेजारी पेन ठेवून आपल्या जागी जाऊन बसला.

शनिवारी मारिबेल राजधानीत पाच मिनिटं बोलली. आईच्या मुठीबद्दलच बोलली.

पण बाईंचा राग काही उतरला नव्हता. आदल्या दिवशी, त्या शुक्रवारी दुपारीच, जेवणानंतर त्या गाडीकडे निघाल्या, तेव्हा एक मार्गदर्शक मागून धावत आला. तिशीतला, चांगला शिकलेला.

"मिसेस कुबिचेक, काय छान केलंत! आम्ही सगळे मनातून तुमच्याच बाजूचे होतो."

बाईंनी गाडीचं दार उघडलं.

"मनातून? मग तोंड कुठे ठेवलं होतं? बारा जण होता तिथे, घोड्यासारखे वाढलेले. आणि सगळ्यांच्या वाटची लाज त्या चौदा वर्षांच्या पोराला वाटून घ्यावी लागली. हो बाजूला, गाडी काढायची आहे मला."