खालाच्या तोंडचं वाक्य

आमच्या कंपनीत समाजसेवा आणि जनसंपर्क या दोन्हींचं टेबल एकच, आणि त्या टेबलावर मी. सकाळी गावाला काय द्यायचं त्याचा प्रस्ताव लिहायचा, दुपारी ते दिल्याची बातमी. वाळूजच्या ऑफिसात बसून मला यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट दोन्ही बरं लिहिते, असा तोराच होता.

लासूर स्टेशनच्या अलीकडच्या एका गावातल्या शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र द्यायचं ठरलं, तेही माझ्याच प्रस्तावावरून. शाळेच्या बोअरला लागूनच शौचालयाचा खड्डा होता. पाणी तपासून घेतलं तर अहवाल आला, 'पिण्यास अयोग्य'. आदल्या वर्षी तिथली मुलं काविळीनं पडली होती. तेव्हापासून शाळेत खिचडी शिजवणारी बाई मुलांचं पिण्याचं पाणीही रोज उकळून, गार करून ठेवायची. सगळं गाव तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचं. तिची नात त्याच शाळेत दुसरीला होती.

कार्यक्रमाची बातमी आम्ही आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. तिच्यात गावातल्या कुणाचं तरी मनोगत लागायचं. ते मीच लिहायचे, कारण लोक काय बोलणार हे आपल्याला ठाऊक असतं अशी माझी समजूत. हेडसरांना फोन करून खालाचं नाव तेवढं विचारलं आणि तिच्या तोंडी घातलं: 'आता मला पाणी उकळावं लागत नाही. नळ सोडला की लेकरं बिनघोर पितात.' वाक्य मला फार आवडलं. साहेबांनाही.

कार्यक्रमाच्या दिवशी कळलं की यंत्राचे आतले फिल्टर आलेच नाहीत. पाहुण्यांची तारीख काही हलणार नव्हती. मग ठेकेदारानं टाकीत विकतच्या पाण्याचे जार ओतले. पाहुणे प्याले, मी प्याले, चकचकीत नळाजवळ खालाला उभी करून फोटोही निघाले. निघताना मी ठेकेदाराला विचारलं, "जारचं पाणी संपल्यावर काय?"

"नळ कोरडा दिसला तर कंपनीचीच लाज जाईल ना, मॅडम. बोअर सरळ जोडून दिलाय. फिल्टर आले की मधी बसवतो."

म्हणजे तोवर नळाला तेच अयोग्य पाणी. पण मग वाटलं, खाला आहे की. ती उकळल्याशिवाय मुलांना पाणी देत नाही. एवढ्या आधारावर मी गाडीत बसले, घरी येऊन व्यवस्थित जेवलेसुद्धा.

आठव्या दिवशी हेडसरांचा फोन आला. खुशीत होते. पेपरात आलेली बातमी त्यांनी प्रार्थनेच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवली होती आणि कात्रण स्वयंपाकाच्या खोलीत चिकटवलं होतं. "खालांची चूल आता फक्त खिचडीपुरती," म्हणाले.

फोन ठेवला आणि तशीच उठले. साहेबांकडं गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पुढच्या आठवड्यात फिल्टर बसतील. तोवर बोभाटा नको. या कामाचा अर्ज आपण पुरस्काराला पाठवलाय, विसरलात?" मी मान हलवली. लाज वाटते सांगायला, पण त्या वेळी नोकरीची भीती मुलांच्या भीतीइतकीच मोठी होती.

दुसऱ्या दिवशी फोटो काढायचे राहिलेत अशी थाप मारून ऑफिसची गाडी मागवली. गाव येईपर्यंत मनाशी वाक्यं जुळवत होते. मला, जी कुणाच्याही तोंडी वाक्य घालते तिला, स्वतःसाठी एक धड वाक्य सुचेना.

शाळेत पाऊल टाकलं तशी खाला लगबगीनं पुढं आली. हातात तांब्या आणि पेला. आल्या माणसाला आधी पाणी, मग बोलणं.

"घ्या मॅडम. आपल्याच मशीनचं हाय."

पेला हातात घेतला. पाणी अगदी नितळ दिसत होतं. ओठापर्यंत नेला आणि हात पुढं जाईना. "तहान नाही," म्हटलं. उन्हातून आलेली मी, घामानं निथळत होते. खालानं माझ्याकडं बघितलं, मग खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्या पाण्याच्या बाटलीकडं.

"ह्या पेल्यात काय हाय?" तिनं हळूच विचारलं.

"खाला, हे उकळायला हवं होतं. तुम्ही का थांबलात?"

"मी कुटं थांबले? तुमीच पेपरात छापलं नव्हं, खाला आता पानी उकळत नाय. माझ्या नावानं. सगळ्या पोरांसमोर वाचलं. मंग उकळलं असतं तर मी झूटी पडले असते." तिनं तांब्या खाली ठेवला. "माझी नात दोन दिस झाले घरी पडून हाय. पोट दुखतंय म्हनती."

तिनं माझ्या हातातला पेला काढून घेतला, पाणी अंगणात फेकलं आणि आत जाऊन मोठं पातेलं चुलीवर चढवलं. कात्रण तिच्या डोक्यामागच्या भिंतीवरच होतं. काडी ओढताना ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता हेडसरला तुमच्या तोंडानं सांगा."

सांगितलं. हेडसरांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी नळ बंद केला, मग घंटा देऊन मुलांना पटांगणात बसवलं आणि विचारलं, "कुणाकुणाचं पोट दुखतंय? घाबरू नका, हात वर करा."

आधी कुणीच हललं नाही. मला वाटलं, सुटलो. मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं शेजारणीकडं बघत हात वर केला. तिच्या मागच्यानं केला. मग मधल्या रांगेतून, मग अगदी मागून. मी नळाला टेकून उभी होते, आणि हात वर होतच होते.