शवासन करून रस्सीखेचीला उतरलो!

मंडळी, आज सकाळी आमच्या सिल्व्हर पार्क सोसायटीच्या बायकांची रस्सीखेच होती. समोर मोरवा गावच्या कोळी मावश्या, सगळ्या साठीच्या आसपास.

आम्ही मॅटवर वीस मिनिटं अंग ताणलं, वर शवासनही केलं. त्या मात्र जागेवर पावलं आपटत, हात फिरवत, रिकामा दोर तालात ओढत होत्या. आम्हाला हसू आलं.

शिट्टी वाजली आणि तिसऱ्या हिसक्याला आम्ही आडव्या! सात जणी, पण जणू एकच बाई ओढत होती.

मला हात देऊन उठवताना एक मावशी म्हणाली, "बाय, जालं ओढायच्या आदी आंग गरम करायचं. तुमी तर निजवून आनलंत!"

उद्या मॅट घरी ठेवून मी मोरव्याला जातेय. कोण येतंय?