जपानी गाडीला एक लाथ

नव्वदच्या दशकात मस्कतमधल्या वादी कबीरच्या एका गॅरेजात रत्नागिरीकडचे म्हातारे मिस्त्री होते. माझ्या जपानी गाडीच्या टायरला एक सणसणीत लाथ घातल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत.

"चाचा, गाडीनं तुमचं काय घोडं मारलंय?" एकदा मी चिडलोच.

"मोठ्या लढाईत अब्बा इंग्रजांच्या बोटीवर कोळसा टाकायला होते. जपान्यानं टॉर्पेडो मारून बोट बुडवली. फळी धरून वाचले."

तेवढ्यात एक इंग्लिश गाडी आली. चाचांनी तिला दोन लाथा हाणल्या.

"आता हिला दोन कशाला?"

"फळीच्या आधी अब्बांनी साहेबांची होडी धरली होती. जागा होती आत. साहेबानं बोटांवर वल्हं मारलं."